पाहुणे घर बघायला येणार म्हणून

मुलीकडचे रविवारी आमचं घर बघायला येणार हे नक्की झालं, तेव्हा आईने सगळ्यात आधी मान वर करून छताकडे पाहिलं. पंख्याच्या पात्यांना धुळीची काळी किनार होती. माळ्याच्या कोपऱ्यात जाळी लोंबत होती. एवढे दिवस ती आमच्यापैकी कुणालाच दिसली नव्हती.

"रविवारपर्यंत हे सगळं कसं व्हायचं?" आई म्हणाली.

"मी करते," मी म्हणाले. "मला सोपी पद्धत माहितीये."

तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजपर्यंत गेलेली मी पहिलीच. बाबा एमआयडीसीतल्या एका डाईंगच्या कंपनीत हेल्पर म्हणून लागले आणि अजून तिथेच आहेत. आई चपात्यांच्या ऑर्डरी घेते. दादा आयटीआय करून ठाण्याला नोकरीला लागला होता आणि त्याचंच लग्न ठरत होतं. मी काहीतरी शिकलेली आहे, तर ते घराच्याही उपयोगी पडायला हवं, असं मला तेव्हा फार वाटायचं. अकाउंट्स शिकून घरात काय उपयोग होणार? पण घर कसं साफ करावं याचे व्हिडिओ मी मोबाईलवर भरपूर पाहिले होते.

आमचं घर कोपरला, चार मजली जुन्या इमारतीत. हॉल, बेडरूम, किचन आणि हॉलला लागून ग्रिल लावलेली लांबट गॅलरी. त्या गॅलरीत आत्या राहायची.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिचे यजमान फार लवकर गेले. मी पाळण्यात असताना ती कोकणातून आमच्याकडे आली आणि राहिली. आई-बाबा तिला आक्का म्हणतात. गॅलरीत तिची लोखंडी घडीची खाट होती, खाटेखाली पत्र्याची ट्रंक, आणि ग्रिलच्या कट्ट्यावर तिचा संसार: दम्याचा पंप, खोबरेल तेलाची बाटली, देवीचा छोटा फोटो आणि मिश्रीची डबी. सकाळी ती मिश्री लावत बसली की अर्धा तास कुणाशी बोलायची नाही, नुसत्या खुणा करायची. आम्हाला त्या सगळ्या खुणा कळायच्या.

तोवर घराची मोठी साफसफाई नवरात्राच्या आधी व्हायची आणि ती आत्याच्या हुकमाने व्हायची. तिची पद्धत अशी, की माळ्यावरचं, फळीवरचं सगळं हॉलच्या मध्यभागी उतरवायचं आणि पाय पसरून त्या ढिगात बसायचं. मग एकेक वस्तू हातात घ्यायची. "हा डबा हिच्या बारशाला आलेला. ही बादली आम्ही कल्याणच्या बाजारातून आणलेली, तेव्हा पाऊस काय कोसळत होता."

"आक्का, डब्याचं चरित्र नंतर सांगा, आधी घासा," आई चिडायची.

"घासतेय गं. तुझ्या डब्याला काय गाडी पकडायचीय?"

असं करत ते काम आठवडाभर चालायचं. घर पार विस्कटलेलं असायचं, जेवायला बसायचं तर पाट ठेवायला जागा शोधावी लागायची. मला त्या आठवड्याचा कंटाळा यायचा. आता तोच आठवडा आठवला की वाटतं, त्या दिवसांत आम्ही सगळे जमिनीवर एकत्र बसलेलो असायचो.

पण या वेळी आठवडा नव्हताच. मी सगळ्यांना हॉलमध्ये बसवून माझी पद्धत सांगितली. आधी जे लागत नाही ते घराबाहेर काढायचं. रिकामं घर लवकर साफ होतं. मग वरून खाली यायचं, म्हणजे पंख्याची धूळ पुसलेल्या लादीवर पडत नाही. कोरडं काम आधी, ओलं नंतर. आणि पाणी सकाळीच येतं, तर त्या वेळात बाथरूम, पडदे आणि मोठी भांडी उरकून घ्यायची.

"मॅनेजरबाई, आम्हाला जेवणाची सुट्टी आहे ना?" दादा म्हणाला.

"तुला नाही. तुझ्यामुळेच चाललंय हे."

"आणि मला कुठलं काम?" आत्याने विचारलं.

"तू काही करू नकोस, आत्या. धूळ उडेल खूप. तुला सोसायची नाही."

हे मी मनापासून म्हणाले. जाळी काढताना तिला दर वर्षी खोकल्याची उबळ यायची, हे खरंच होतं. आईने लगेच धागा पकडला. "त्यापेक्षा आक्का, दोन दिवस धाकट्या वन्संकडे जाऊन या ना कल्याणला. तेवढाच बदल."

धाकटी आत्या आणि तिचे यजमान कल्याणला बाजाराच्या मागच्या बाजूला राहतात. त्यांचा मुलगा नोकरीसाठी नाशिकला गेल्यापासून घरात दोघंच असतात.

आत्याने आईकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबा मोबाईलचा चार्जर शोधत होते.

"पाहुणे येतील तेव्हा मी नको का?" तिने विचारलं.

"तसं नाही गं आक्का," बाबा म्हणाले. "शनिवारी धूळ असेल, रविवारी गर्दी. तुला कुठे आडवं व्हायलाही मिळायचं नाही."

"बरं. दोन दिवसच ना? मग एक साडी पुरे," ती म्हणाली आणि उठली. जाताना दारातून मला म्हणाली, "बाय, माझी डबी फेकलीस तर बघ." दादा तिला बाईकवर बसवून कल्याणला सोडून आला.

काम खरंच छान झालं. मला ते लपवता येत नाही. पंख्याच्या पात्यावर जुना उशीचा अभ्रा चढवून ओढला की धूळ त्यातच राहते, खाली पडत नाही. दादाने बांबूला कुंचा बांधून जाळी काढली. गाद्या गच्चीवर उन्हात टाकल्या. किचनच्या एक्झॉस्ट पंख्यावर तेलकट राप बसला होता. तो गरम पाणी आणि सोड्यात बुडवून ठेवला, तेव्हा पाण्याचा रंग चहासारखा झाला. खिडक्यांच्या खाचा जुन्या टूथब्रशने काढल्या. बाथरूमच्या टाइल्सवर पाण्याचे पांढरे डाग होते, ते व्हिनेगरने घासले. फ्रिज सरकवला तर मागे माझी पाचवीतली पट्टी सापडली. फुटके टब, झाकणं हरवलेले डबे आणि दादाची जुनी पुस्तकं भंगारवाल्याकडे गेली. आईला एरवी प्लास्टिकची पिशवी टाकवत नाही, पण त्या दिवशी ती मला विचारत होती, "हे टाकू? हेही टाकू?" आणि मी हो म्हणत होते. आई मला विचारून काहीतरी करतेय, याचंच मला अप्रूप होतं.

गॅलरी सगळ्यात शेवटी आली. आई दारात उभी राहिली.

"ही खाट अशीच दिसेल का गं? आल्या आल्या समोर तीच."

"घडी करून शेजारच्या काकूंकडे ठेवूया," मी म्हणाले. "रविवारपुरती."

मग ट्रंकही गेली. कट्ट्यावरच्या वस्तू एका पिशवीत भरून मी ट्रंकेवर ठेवल्या, मिश्रीची डबीसुद्धा, नीट. खाट निघाल्यावर भिंतीवर एक डाग दिसला. आत्या दुपारी भिंतीला टेकून बसायची, तिच्या डोक्याच्या तेलाने तिथे तपकिरी गोल पडला होता. आख्ख्या घरात तो डाग सगळ्यात चिवट निघाला. साबण झाला, सोडा झाला. शेवटी सोड्यात लिंबू पिळून मी तो घासला, खांदे भरून येईपर्यंत. निघाला तेव्हा मी आईला हाक मारली आणि हात लावून दाखवलं, "बघ, कळतंय का इथे काही होतं?"

"नाही गं," आई कौतुकाने म्हणाली.

रविवारी वर्तकनगरहून मुलीचे आई-वडील आणि मामा आले. मुलीची आई शाळेत शिकवते. तिने बसल्या बसल्या सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाली, "किती स्वच्छ ठेवलंय हो! कामाला बाई आहे का?"

"नाही नाही, आमची मुलगीच करते सगळं. कॉलेज सांभाळून," आई म्हणाली. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मला खूप बरं वाटलं.

मग त्यांना घर दाखवलं. बेडरूम पाहिली, किचन पाहिलं. गॅलरीत आल्यावर मुलीची आई थांबली. "अरे वा, गॅलरी पूर्ण मोकळी! आमच्याकडे नुसतं सामान कोंबलेलं असतं. इथे आमच्या मुलीचं कपाट आरामात बसेल. खिडकीशी एखादं टेबल. परीक्षा द्यायच्यात ना तिला अजून."

"हो हो, बसेल की," आई म्हणाली.

मामा हॉलमध्ये बाबांशी बोलत होते. "छोटं कुटुंब, बरं आहे. म्हणजे घरात तुम्ही चौघंच?"

बाबांच्या हातात बिस्किट होतं. त्यांनी ते चहात बुडवलं.

"हो," ते म्हणाले. "चौघंच."

दादाने खाली मान घातली. आई साखर आणायला आत गेली, साखर समोरच होती तरी. आणि मी मामांना विचारलं, "अजून चहा देऊ का?"

मी पुष्कळदा विचार केला आहे, की बाबा तसं का म्हणाले. ते खोटं बोलणारे नाहीत. मला वाटतं, समोरच्या रिकाम्या गॅलरीकडे बघून त्यांना दुसरं काही म्हणताच आलं नाही. पाचवं माणूस आहे म्हटलं असतं, तर ते झोपतं कुठे, असं कुणीतरी विचारलं असतं. सगळं घर इतकं नीट लावलेलं होतं, त्यात आत्याला दाखवायला जागाच राहिली नव्हती.

संध्याकाळी होकार आला. पेढे आले. आत्याचा फोन मीच घेतला.

"काय गं, पसंत पडलं का घर?"

"हो आत्या! खूप आवडलं त्यांना."

"मग? आवडणारच. मी येऊ ना उद्या?"

आईने फोन माझ्या हातातून घेतला. "आक्का, आता रंग काढायचाय म्हणतात हे, लग्नाच्या आधी. वासाने तुम्हाला त्रास होईल हो. तेवढं होऊ दे."

तेही खरं होतं. रंगाच्या वासाने तिला दम लागायचा. रंग झाला, मग साखरपुड्याची गडबड आली. मग दादा तिची ट्रंक कल्याणला देऊन आला, कारण तिला समारंभाला साड्या लागणार होत्या. त्यानंतर खाट शेजाऱ्यांच्या पॅसेजमध्ये किती दिवस राहणार, म्हणून तीही टेम्पोतून गेली. प्रत्येक वेळी कारण खरंच होतं. तिला परत येऊ नकोस असं आमच्यातल्या कुणीही कधी म्हटलं नाही. ये, असंही कुणी म्हटलं नाही. मीसुद्धा.

साखरपुड्यात मुलीच्या आईने दोघी आत्यांना एकत्र बसलेलं पाहून आईला विचारलं, "या कोण?"

मी जवळच होते. आईने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "माझ्या नणंदा," ती म्हणाली. "कल्याणला असतात."

धाकट्या आत्याने चमकून मान वळवली. पण तिने तोंड उघडायच्या आत आमच्या आत्याने हात जोडून नमस्कार केला. "हो, कल्याणला. या ना कधी," ती हसून म्हणाली. मग तिने पर्समधून पंप काढला आणि बाजूला तोंड करून ओढला.

लग्न झालं. वहिनी आली. वहिनी फार चांगली आहे, हे मला लिहायलाच हवं. ती माझे सरावाचे पेपर तपासून देते, आईला चपात्या लाटू लागते. तिचं कपाट गॅलरीत आलं, खिडकीशी टेबलही आलं. ते टेबल ती मला वापरू देते. मी त्यावरच अभ्यास करते. माझ्या पाठीमागे तीच भिंत असते, स्वच्छ.

नवरात्र जवळ आलं तेव्हा मला राहवलं नाही. कुणाला न सांगता मी कॉलेज सुटल्यावर कल्याणला गेले. आत्या धाकट्या आत्याच्या हॉलमध्ये जमिनीवर पाय पसरून बसली होती आणि भोवती सगळे डबे मांडलेले होते.

"ये बाय. वेळेवर आलीस. तो डबा उचल. झाकण बघ कसं झालंय, यांच्याकडे कुणी घासलेलंच नाही पाच वर्षं."

"ऐकतेय हां मी," धाकटी आत्या किचनमधून ओरडली.

"ऐक की. तुझ्याचसाठी बोलतेय."

मी तिच्याशेजारी बसले आणि डबा घासायला घेतला. थोड्या वेळाने म्हणाले, "आत्या, चल ना घरी."

"निजू कुठे?"

"माझ्याजवळ. किचनमध्ये. मी खाली झोपते, तुझी खाट तिथे मावेल. मी मोजून पाहिलंय."

"आणि सुनेला काय सांगाल? ही कोण आली कायमची?"

"खरं ते सांगायचं."

आत्या हसली. हसताना तिला खोकला आला. मग आवाज बारीक करून म्हणाली, "खरं काय सांगशील? तुमच्या सासऱ्यांनी तुमच्या घरच्यांना पहिल्याच दिवशी खोटं सांगितलं, असं? नवी पोर आहे ती. तिने आयुष्यभर त्याच्याकडे कुठल्या नजरेने बघायचं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कोण कशाला सांगेल? तुझ्या आईने माझ्यादेखत तर सांगितलं, कल्याणला असतात म्हणून. अशी ती उगीच का बोलेल? आधी, घर बघायला आले तेव्हाच, त्याच्याकडून काहीतरी बोलून झालेलं असणार." तिने माझ्या हातातला डबा घेतला, आत बघितलं आणि परत दिला. "आतून घास. माझा भाऊ आहे तो. त्याने मला इतकी वर्षं सांभाळली. आता त्याची मान खाली जाईल असं मी काही करायची नाही. आणि तूपण करायचं नाहीस."

"पण तुला यायचंय ना?"

तिने नुसती हाताने खूण केली, मिश्री लावताना करायची तशी: कामाला लाग. सगळे डबे होईपर्यंत मी तिथे बसले. खरं तर माझ्या पद्धतीने ते अर्ध्या वेळात झाले असते. मी पुढचा डबा घेतला.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं, आत्याकडे गेले होते.

"काय म्हणाली?"

"तिथे बरं आहे म्हणाली."

बाबांनी टीव्ही बंद केला. "बरं आहे ना? मग झालं," ते म्हणाले. मग उठून गॅलरीत गेले आणि कपाटाशेजारी जेमतेम माणूस उभा राहील एवढ्या जागेत, ग्रिलला धरून उभे राहिले.

भाऊबीजेला आत्या आली. ओवाळायला तर यायलाच हवं. तिच्या हातात मिठाईचा पुडा होता. आमच्याकडे येताना तिने याआधी कधी काही आणलं नव्हतं, आणणार कशाला? दारात तिने चपला काढल्या आणि कुणीतरी या म्हणेपर्यंत ती उंबऱ्याच्या बाहेर थांबली.

"या ना आत्या, या," वहिनी लगबगीने पुढे झाली. "बसा. पाणी आणते."

"आधी पाय धुते गं."

"थांबा, मी येते. बाथरूमची कडी लागत नाही नीट, फार त्रास देते."

पण आत्या तोवर आत गेली होती. आमच्या बाथरूमचा दरवाजा फुगलेला आहे. खालून गुडघ्याने थोडा वर ढकलला, तरच कडी बसते. आत्याने पदर सावरला, गुडघा लावला आणि एका हाताने कडी सारली. आवाजही झाला नाही.

ती बाहेर आली तेव्हा वहिनी तिथेच उभी होती. "आत्या, तुम्हाला कसं जमलं? मला महिना लागला हो शिकायला!"

आई किचनमध्ये पुऱ्या तळत होती. तिचा झारा थांबला. मी पाटाभोवती रांगोळी काढत होते. मला वाटलं, आता तरी कुणीतरी बोलेल. आई, नाहीतर दादा, नाहीतर मी.

आत्या पदराने हात पुसत होती.

"अशा कड्या सगळीकडेच असतात गं," ती म्हणाली.

वहिनी हसली आणि पाणी आणायला गेली. बाबा नवीन शर्ट घालून पाटावर येऊन बसले. आत्याने निरांजन लावलं. मी रांगोळीची उरलेली बाजू पूर्ण केली.